नऊशे ब्याऐंशी, अधिक-उणे सात

[दृश्य: कनिष्ठ महाविद्यालयाची भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा. लाकडी बाकावर स्टँड, त्याला टांगलेला लंबक संथ झुलतो आहे.]

स्टँडच्या क्लॅम्पमध्ये मधोमध चिरलेला कॉर्क. चिरेत घट्ट बसवलेला दोरा. दोऱ्याच्या टोकाला पितळी गोळा. अकरावीच्या प्रॅक्टिकलमधला हा साधा लंबक. याच्या झुलण्यावरून गुरुत्व त्वरण, म्हणजे ‘जी’, काढायचा असतो. प्रयोग इतका जुना की उत्तर मुलांना आधीच पाठ असतं. नऊशे ऐंशी सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग. कुणी नऊशे एक्क्याऐंशी म्हणतं.

तास संपत आला की बाकाबाकांवरून एकच प्रश्न फिरतो: “तुझं कितीवर आलं?” कुणाचं नऊशे ब्याण्णव आलेलं असतं, कुणाचं नऊशे पासष्ट. जर्नल पेनाने भरायचं असतं, म्हणून आधी कच्च्या कागदावर रीडिंग जरा इकडेतिकडे सरकतात. मग सगळा वर्ग नऊशे ऐंशीच्या आसपास येऊन बसतो.

आज आपण एकही रीडिंग सरकवणार नाही.

[दृश्य: मीटरपट्टी दोऱ्याला लावली जाते. व्हर्नियर कॅलिपरच्या जबड्यात गोळा.]

आधी लांबी. दोरा टेबलावर आडवा ठेवून मोजायचा नाही, गोळा टांगलेला असतानाच मोजायचा, कारण वजनाने दोरा थोडा ताणला जातो. कॉर्कच्या खालच्या कडेपासून गोळ्याच्या माथ्यापर्यंत मीटरपट्टी दाखवते ९८.९ सेंटिमीटर. गोळ्याचा व्यास व्हर्नियरने २.२० सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या १.१०. दोन्हींची बेरीज १००.० सेंटिमीटर.

व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०१ सेंटिमीटर आहे, मीटरपट्टीचा ०.१. त्यामुळे गोळा कितीही निगुतीने मोजला तरी एकूण लांबीतली अनिश्चितता पट्टीचीच राहते. एक मीटरमागे एक मिलिमीटर, म्हणजे ०.१ टक्का.

आता वेळ. चौघांच्या गटात एक जण दोलनं, म्हणजे गोळ्याच्या पूर्ण येरझारा, मोजतो, एक स्टॉपवॉच धरतो, एक लिहून घेतो आणि चौथा उगाच उभा असतो. स्टॉपवॉच हल्ली मोबाइलचंच. पडद्यावर सेकंदाचा शंभरावा भागही दिसतो, आणि तो बघून आपण तितकं अचूक मोजतोय असं वाटायला लागतं. पण बटण दाबणारं बोट माणसाचं आहे. डोळ्याला दिसल्यापासून बोट हलेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात. हा उशीर सुरू करतानाही होतो आणि थांबवतानाही, त्यामुळे बराचसा वजा होऊन जातो. वजा होत नाही ते त्यातलं कमीजास्त होणं. कधी बोट घाई करतं, कधी रेंगाळतं.

वीस दोलनांचा वेळ पाच वेळा घेतला, तर आकडे साधारण असे येतील.

[पडद्यावर: ४०.२, ३९.९, ४०.३, ४०.०, ४०.१ सेकंद]

पाचही वेगळे, आणि यात कुणाचीही चूक नाही. पाचही वेळा ४०.१ आलं असतं तर उलट शंका घ्यायला हवी होती.

सरासरी ४०.१ सेकंद. आता प्रत्येक रीडिंग सरासरीपासून किती लांब आहे ते बघू: ०.१, ०.२, ०.२, ०.१ आणि शून्य. या अंतरांची सरासरी ०.१२ सेकंद. म्हणजे वीस दोलनांचा वेळ ४०.१ अधिक-उणे ०.१२ सेकंद. टक्क्यांत सांगायचं तर ०.३.

वीस दोलनं का मोजायची, तेही इथेच कळतं. एकच दोलन मोजलं असतं तरी बोटाचा गोंधळ तेवढाच राहिला असता, ०.१२ सेकंद. पण तो दोन सेकंदांच्या वेळेत मिसळला असता, म्हणजे सहा टक्के. वीस दोलनांत तोच गोंधळ वीस जणांत वाटला जातो.

[दृश्य: फळ्यावर खडूने सूत्र लिहिलं जातं.]

सूत्र सगळ्यांना माहीत आहे. चार पाय (π) वर्ग, गुणिले लांबी, भागिले दोलनकालाचा वर्ग. आपला दोलनकाल, म्हणजे एका दोलनाचा वेळ, ४०.१ भागिले वीस, २.००५ सेकंद. कॅल्क्युलेटर म्हणतो ९८२.०४, आणि थांबवलं नाही तर पुढे आणखी पाचसहा आकडे. त्यातले बहुतेक निरर्थक आहेत. किती, ते ठरवायला टक्क्यांची बेरीज करावी लागते.

लांबी सूत्रात एकदा येते, म्हणून तिचा ०.१ टक्का जसाच्या तसा. दोलनकाल वर्गात येतो, म्हणून त्याचा ०.३ टक्का दुप्पट होऊन ०.६. एकूण ०.७ टक्के. ९८२ चे ०.७ टक्के म्हणजे जवळजवळ सात. म्हणजे ‘जी’ची किंमत ९८२ अधिक-उणे ७.

टक्के असे सरळ मिळवताना आपण सगळ्यात वाईट शक्यता धरतो, म्हणजे लांबीतली आणि वेळेतली चूक, दोन्ही उत्तराला एकाच बाजूला ढकलतात असं. पदवीच्या वर्गात याऐवजी वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतात, मग सातऐवजी सहा येतो. शिवाय पाच रीडिंगांच्या सरासरीला एकेका रीडिंगपेक्षा जास्त विश्वासार्ह धरतात, तसं केलं की उत्तर अधिक-उणे चारवर येतं. आमच्या मते अकरावीला सरळ बेरीज पुरेशी आहे. आकडा थोडा मोठा येतो, पण तो कुठून आला हे मुलाला तोंडी परीक्षेत सांगता येतं.

[दृश्य: जर्नलचं पान. ‘प्रमाण किंमत’ असं लिहिलेल्या ओळीवर कॅमेरा थांबतो.]

जर्नलच्या शेवटी बहुतेक ठिकाणी आणखी एक ओळ असते. प्रमाण किंमत अमुक, आपली किंमत तमुक, म्हणून शेकडा त्रुटी इतकी. रीडिंग सरकवण्याचा मोह या ओळीतूनच येतो. आणि गंमत अशी की ज्या आकड्याशी जुळवायचं, तो मुळात इथला नाहीच.

९८०.६६५ ही किंमत १९०१ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरवली गेली. व्यवहारासाठी एक ठरावीक आकडा हवा होता, म्हणून समुद्रसपाटीला ४५ अंश अक्षांशावर जी जेवढा असतो साधारण तेवढा घेतला. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे आणि ती स्वतःभोवती फिरते, त्यामुळे जी जागोजागी बदलतो. विषुववृत्तावर ९७८.०, ध्रुवावर ९८३.२. महाराष्ट्र १६ ते २२ अंशांच्या पट्ट्यात आहे. इथे जी ९७८ आणि ९७९ यांच्या दरम्यान असतो. पुण्यात मुंबईपेक्षा जरासा कमी, कारण पुणं उंचावर आहे.

म्हणजे एखाद्या मुलीने फार काळजीपूर्वक प्रयोग केला आणि तिला ९७८.५ मिळाले, तर ते बरोबर आहेत. तिने ते खोडून ९८० केले, तर तिने बरोबर उत्तर चुकीचं केलं.

आपलं ९८२ अधिक-उणे ७ मात्र ९७५ पासून ९८९ पर्यंत पसरलेलं आहे. पॅरिसचा जी आणि पुण्याचा जी, दोन्ही त्यात मावतात. या प्रयोगाला त्यांच्यातला फरक दिसतच नाही.

[दृश्य: जुना नकाशा. फ्रान्सपासून दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत जाणारी रेषा.]

तो फरक ज्याला पहिल्यांदा दिसला, त्याच्याकडेही लंबकच होता. १६७२ साली जाँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला. सेकंदाला एक ठोका देणारा लंबक पॅरिसमध्ये जेवढ्या लांबीचा लागे, त्याहून कायेनमध्ये आखूड लागतो, असं त्याला आढळलं. फरक सव्वा लिन, या जुन्या फ्रेंच मापात; म्हणजे आजच्या मापात तीन मिलिमीटरहूनही कमी. एका मीटरच्या लंबकात.

रिशेने हा फरक मापनातली गफलत म्हणून सोडून दिला नाही. पुन्हा पुन्हा मोजलं, आणि दर वेळी तेवढाच आला. पुढे न्यूटनने हीच निरीक्षणं पृथ्वी चपटी असल्याचा पुरावा म्हणून वापरली. त्याआधी त्याने एक शंका तपासली: तिकडच्या उष्णतेने धातू लांबतो, सगळा फरक त्यानेच पडला असेल तर? लोखंडी सळई तापल्यावर किती वाढते, याच्या मोजमापांवरून त्याने हिशेब मांडला. उष्णतेने थोडा फरक पडेल, पण एवढा नाही.

[दृश्य: हिमालयाची पठारं, उघडी आणि वैराण.]

आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात त्रिकोणमितीय सर्वेक्षणातल्या कॅप्टन बसेवी यांनी दक्षिणेच्या टोकापासून हिमालयापर्यंत ठिकठिकाणी लंबक टांगून जी मोजला. १८७१ साली लडाखमधल्या मोरे इथे, निरीक्षणं चालू असतानाच, त्यांचा मृत्यू झाला.

[दृश्य: पुन्हा प्रयोगशाळा. गोळा खूप लांब ओढून सोडला जातो.]

आता ९९२ वाल्या गटाकडे वळू. त्यांचं उत्तर ९९२ अधिक-उणे १५ असेल, तर काळजीचं कारण नाही. हात थोडे अस्थिर होते, इतकंच. पण पाचही रीडिंग एकमेकांना चिकटलेली असतील आणि उत्तर ९९२ अधिक-उणे ३ असेल, तर कुठेतरी काहीतरी दर वेळी त्याच बाजूला चुकतंय. ते रीडिंग वाढवून जाणार नाही. पाचाची पन्नास केली तरी सरासरी ९९२ वरच पक्की होईल.

असे चोर शोधावे लागतात. दोलनं मोजताना गोळा सोडल्यावर लगेच ‘एक’ म्हटलं, तर वीस म्हणेपर्यंत एकोणीसच झालेली असतात. उत्तर एकदम हजाराच्या वर जातं. म्हणून जुने शिक्षक ‘तीन, दोन, एक, शून्य’ असं उलटं मोजत शून्याला घड्याळ सुरू करायला सांगतात. गोळा टोकाला असताना बटण दाबणं हाही असाच चोर, कारण तिथे तो क्षणभर रेंगाळतो आणि नेमका कधी वळला ते डोळ्याला कळत नाही. मधल्या जागी तो सगळ्यात वेगाने जातो, तिथेच मोजायचं.

मोठा झोका दिला तर काय होतं? आपलं सूत्र लहान झोक्यासाठीच खरं आहे. गोळा २० अंश ओढून सोडला, म्हणजे मीटरभर लंबकाला सुमारे ३४ सेंटिमीटर, तर दोलनकाल पाऊण टक्क्याने वाढतो आणि जी पंधराने कमी येतो. रीडिंग तरीही सुंदर जुळतात. पाच अंशांवर ही घट जेमतेम एकाची उरते.

[दृश्य: आलेखकागद. पेन्सिलीने बिंदू, मग पट्टीने रेषा.]

लांबीतल्या चोरासाठी एक सुरेख युक्ती आहे. मीटरपट्टीचं टोक झिजलेलं असेल, किंवा दोरा कॉर्कमध्ये नेमका कुठून वळतो ते कळत नसेल, तर प्रत्येक लांबी तेवढ्याच अंतराने चुकते, समजा तीन मिलिमीटर. तेव्हा एका लांबीवर थांबायचं नाही. ६०, ७०, ८०, ९०, १०० सेंटिमीटर अशा लांब्या घ्यायच्या आणि दोलनकालाच्या वर्गासमोर लांबीचा आलेख काढायचा. तीन मिलिमीटरची चूक सगळी रेषा वर किंवा खाली सरकवते, तिचा चढ बदलत नाही. आणि ‘जी’ चढातूनच काढायचा असतो. रेषा आरंभबिंदूतून गेली नाही की मुलं ती ओढून ताणून त्यातून नेतात. तसं करू नये. ती जिथे अक्ष छेदते, तिथे चोराचा पत्ता लिहिलेला असतो.

[दृश्य: लंडनच्या पार्लमेंटला लागलेल्या आगीचं जुनं चित्र.]

मोठमोठ्यांनाही हे चोर चुकलेले नाहीत. १८२४ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला की यार्डाची मूळ पट्टी कधी हरवली, तर ती लंबकावरून पुन्हा बनवावी. लंडनच्या अक्षांशावर, समुद्रसपाटीला, निर्वात जागेत सेकंदाचा लंबक ३९.१३९३ इंच भरतो. कॅप्टन हेन्री केटर यांच्या मापनावर आधारलेला हा आकडा, चार दशांश स्थळांपर्यंत.

१८३४ च्या आगीत पार्लमेंटची इमारत जळाली, आणि ती पट्टीही निकामी झाली. कायद्याप्रमाणे लंबक टांगायला हवा होता. पण मधल्या काळात जर्मन शास्त्रज्ञ बेसेल यांनी दाखवून दिलं होतं की झुलणारा लंबक आजूबाजूची हवाही सोबत ओढतो, आणि निर्वातासाठी केलेल्या दुरुस्तीत ही गोष्ट धरलेलीच नव्हती. दुरुस्त्यांमध्ये आणखीही शंका निघाल्या. नव्या पट्टीचा विचार करायला नेमलेल्या समितीने १८४१ मध्ये अहवाल दिला: लंबकावर विसंबू नये, जुन्या पट्टीशी ताडून पाहिलेल्या प्रतींवरून नवी बनवावी. कायद्यातली चार दशांश स्थळं कागदावरच राहिली.

[दृश्य: प्रयोगशाळा. तोच गट, तोच लंबक. या वेळी चौथ्याच्या हातातही वही आहे.]

आपल्या बाकावर पॅरिस आणि पुणे वेगळे दाखवायचे असतील तर काय करावं लागेल? फरक दोन-अडीच सेंटिमीटर प्रति सेकंद वर्गाचा आहे, म्हणजे पाव टक्क्याच्या आसपास. वीसऐवजी शंभर दोलनं मोजली तर वेळेतली अनिश्चितता ०.०६ टक्क्यावर येते, दुप्पट करून ०.१२. लांबीची ०.१ तशीच आहे. एकूण ०.२२ टक्के, म्हणजे अधिक-उणे दोन. काठावर.

इथून पुढे दोलनं वाढवण्यात फारसा अर्थ नाही, आता लांबीही जवळजवळ तेवढीच अडवते आहे. मिलिमीटरच्या खालचं वाचता येईल असं साधन हवं. झोका तीन अंशांवर आणायचा, म्हणजे गोळा पाच सेंटिमीटरच ओढायचा. मोठ्या झोक्याने येणारी घट आधी नगण्य होती, या पातळीवर ती मोजावी लागते. तीन अंशांवर ती ०.३ आहे.

आणि शंभर मोजताना मध्ये कुणी बोलायचं नाही.