परदेशी फोन लावताना

नमस्कार श्रोतेहो. दांडिया बाजार असो, रावपुरा असो की बाबाजीपुरा, बडोद्याच्या मराठी घरांतलं कुणी ना कुणी कॅनडात, अमेरिकेत नाहीतर ऑस्ट्रेलियात असतंच. त्यांच्याशी बोलणं सगळं व्हॉट्सॲपवर. छानच आहे ते, चेहराही दिसतो. पण तिकडच्या हॉस्पिटलच्या लँडलाइनवर व्हॉट्सॲप वाजत नाही. आणि मुलगा दुबईत असेल तर तुम्हाला ठाऊकच आहे, तिथे व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, कॉल नाही चालत. म्हणून साधा आयएसडी कॉल घरातल्या प्रत्येकाला लावता यायला हवा, आणि तो ऐन घाईच्या वेळी शिकायची पाळी येऊ नये.

आधी प्लस. मोबाइलच्या कीपॅडवर शून्याखाली बारीक प्लस दिसतो ना? शून्य जरा दाबून धरा, तो उमटेल. भारतातून बाहेर फोन करायला आपण दोन शून्यं लावायचो, ती आजही चालतात. पण अमेरिकेतून लावताना तिथे ०११ लागतं, ऑस्ट्रेलियात ००११. प्लस मात्र कुठल्याही देशात मोबाइलला कळतो. म्हणून नंबर साठवतानाच प्लस लावून साठवा. त्यापुढे देशाचा कोड: अमेरिका आणि कॅनडा १, इंग्लंड ४४, ऑस्ट्रेलिया ६१, दुबईसाठी ९७१.

आता घोटाळा करणारं शून्य. आपल्या बडोद्याचा एसटीडी कोड ०२६५. यातलं पहिलं शून्य देशातल्या देशात, परगावी फोन लावण्यापुरतं. परदेशातून तुमच्या घरच्या लँडलाइनवर कुणी फोन लावला तर त्यानं प्लस ९१ आणि लगेच २६५ दाबायचं. तिकडचंही तसंच. लंडनचा भाचा आपला लँडलाइन नंबर ०२० पासून सांगतो, आपण ४४ पुढे तो जसाच्या तसा ठेवतो, आणि फोन काही लागत नाही. ४४ नंतर थेट २० हवं. सिडनीतल्या मुलीचा मोबाइल ०४ नं सुरू होतो, तिथे ६१ नंतर ४. काही व्हिजिटिंग कार्डांवर ४४ पुढे कंसात शून्य छापलेलं असतं. ते कंसातलं शून्य तुम्ही दाबायचं नाही, ते तिथल्याच लोकांसाठी. अपवाद इटलीचा. रोमच्या लँडलाइनला ३९ नंतर ०६ असं शून्यासकटच लावावं लागतं. काय करणार, त्यांची रीत!

खर्चाचं म्हणाल, तर तुमचा अनलिमिटेड पॅक हा सहसा भारतापुरताच असतो. आयएसडी सुरू आहे का आणि त्या देशाला मिनिटाला किती पडतात, हे कस्टमर केअरला आधी विचारा. वारंवार फोन करणार असाल तर वेगळा आयएसडी पॅक मिळतो. रोमिंग ही निराळी भानगड, ते आपण स्वतः परदेशी गेलो की लागतं.

एक सावधगिरी मात्र ठेवा. अनोळखी परदेशी नंबरावरून एकच रिंग वाजून फोन बंद झाला, तर कुतूहलानं उलट फोन लावू नका. पलीकडे महागडी लाइन असू शकते. सुरुवातीला १ दिसला म्हणजे अमेरिकेतला भाऊच असेल असंही नाही. १ नंतर ८७६ असेल तर तो जमैकाचा नंबर. असा संशयास्पद कॉल सरकारच्या ‘संचार साथी’ या वेबसाइटवर, ‘चक्षू’ या सोयीतून कळवता येतो. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

राहिली वेळ. न्यूयॉर्क आणि टोरांटो उन्हाळ्यात आपल्यामागे साडेनऊ तास, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत साडेदहा. म्हणजे थंडीत आपण सकाळी सातला फोन केला, तर तिकडे आदल्या रात्रीचे साडेआठ; जेवणखाण उरकून माणसं निवांत असतात. दुपारी जेवून दोनला केलात, तर पहाटेचे साडेतीन. मग सूनबाई घाबरूनच फोन उचलणार! नमस्कार.