बसमध्ये दुसरा प्रॉप आहे का?

श्रोतेहो, नमस्कार.

स्वीडनमधल्या क्लब रग्बीच्या सेमीफायनलबद्दल आज बोलायचं आहे, आणि सुरुवात मी मैदानापासून नाही, बसपासून करणार आहे.

स्वीडनच्या नकाशावर अगदी खालच्या टोकाला ट्रेलेबोर्ग नावाचं बंदर आहे. देशातलं सगळ्यात दक्षिणेकडचं शहर. इथून जर्मनीला फेरीबोटी सुटतात, आणि उन्हाळ्यात गावकरी रस्त्याच्या कडेला चक्क पामची झाडं मांडून ठेवतात. या गावाचा रग्बी क्लब म्हणजे पिंगविन. आता समजा, पिंगविनची सेमीफायनल स्टॉकहोमला पडली. अंतर सहाशे किलोमीटरहून जास्त, म्हणजे मुंबईहून पणजी गाठण्यासारखं. इथे खेळणारे जवळजवळ सगळेच हौशी. कुणी शाळेत शिकवतो, कुणी वायरिंगची कामं करतो, कुणी विद्यापीठात शिकतोय. शुक्रवारी काम संपवून निघायचं, नाहीतर शनिवारी पहाटे. सात-आठ तास गुडघे दुमडून बसायचं आणि उतरल्यावर शंभर-सव्वाशे किलोच्या माणसांना अंगावर घ्यायचं.

म्हणून मी म्हणतो, स्वीडनच्या सेमीफायनलकडे बघताना कुणी किती सामने जिंकले हे नंतर बघा. आधी बघा, घरचं मैदान कुणाचं आहे.

हे घरचं मैदान फुकट मिळत नाही. वरच्या साखळीचं नाव आल्स्वेन्स्कान. रग्बी हा हिवाळ्याचा खेळ मानतात, इंग्लंडमध्ये तर तो आहेच. पण स्वीडनमध्ये हिवाळ्यात मैदानं बर्फाखाली असतात. त्यामुळे हंगाम वसंतात सुरू होतो, जुलैमध्ये सगळा देश सुट्टीवर जातो तेव्हा थांबतो आणि शरदात संपतो. बाद फेरीची पद्धत अधूनमधून बदलते, पण साधारण रिवाज असा, की साखळीत वर असेल तो यजमान. साखळीत विजयाला चार गुण. एका सामन्यात चार ट्राय केले, म्हणजे चार वेळा चेंडू विरोधकांच्या गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला, की एक जादा गुण, आणि सात किंवा त्याहून कमी फरकानं हरलात तरी एक गुण. मे महिन्यात एखादा संघ तीस गुणांनी पुढे असूनही चौथ्या ट्रायसाठी शेवटच्या मिनिटापर्यंत जीव तोडून पळताना दिसला, तर तो वेडा नाही. ऑक्टोबरमधला बसप्रवास तो दुसऱ्याच्या गळ्यात घालतोय.

आता त्या बसमध्ये कोण बसलंय ते बघू. रग्बीत मैदानावर पंधरा आणि राखीव आठ असे तेवीस जण लागतात. कागदावर तेवीस. पण एकाच्या बायकोची प्रसूती जवळ आलेली, दुसऱ्याची रुग्णालयात रात्रपाळी, तिसऱ्याचा खांदा मागच्या आठवड्यात निखळलेला. पाहुणा संघ मोठ्या मैदानावर एकोणीस-वीस जणांनिशी उतरला, तर हौशी रग्बीत कुणाला नवल वाटत नाही.

या एकोणीस-वीसांत मी सगळ्यात आधी प्रॉप मोजतो. ज्यांनी रग्बी फारशी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्क्रममध्ये दोन्ही संघांचे आठ-आठ जण एकमेकांत गुंततात. पुढच्या ओळीत तिघं. मधला हुकर, त्याच्या दोन बाजूंना दोन प्रॉप. रेफरी तीन हुकूम देतो, ‘क्राउच, बाइंड, सेट’, आणि तिसऱ्या हुकमाला दोन्ही बाजूंचं मिळून दीड टन वजन या सहा जणांच्या मानेवर आणि खांद्यांवर येऊन आदळतं. त्यातही उजव्या हाताचा, टाइटहेड प्रॉप, दोन विरोधकांच्या मध्ये अडकतो. त्याचं डोकं दोघांच्या खांद्यांमध्ये, आणि दोघंही त्याला वाकवायला टपलेले. तो खचला की सगळा स्क्रम एका बाजूनं मुरगळतो, रेफरीचा हात वर जातो, पेनल्टी.

ही जागा कुणालाही भरता येत नाही. पुढच्या ओळीत फक्त तिथलं शिक्षण घेतलेला खेळाडूच उभा करायचा असा नियम आहे, कारण चुकीचा माणूस उभा केला तर मान मोडू शकते. मग पन्नासाव्या मिनिटाला टाइटहेड लंगडत बाहेर गेला आणि बाकावर दुसरा प्रॉप नाही, तर काय होतं? स्क्रम लुटुपुटूचे होतात. दोन्ही संघ नुसते जुळून उभे राहायचे, रेटायचं नाही. बऱ्याच स्पर्धांत तर ज्या संघामुळे ही वेळ आली त्याला एक खेळाडू कमी घेऊन खेळावं लागतं. यजमानांचा चौथा प्रॉप मैदानापासून दहा मिनिटांवर राहतो. पाहुण्यांचा चौथा प्रॉप सहाशे किलोमीटर मागे घरी झोपलाय. सामना इथेच फिरतो, आणि दुसऱ्या दिवशी निकाल वाचणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही.

क्लबांकडे वळू. एनशोपिंग हे स्टॉकहोमच्या पश्चिमेला सुमारे ऐंशी किलोमीटरवरचं, जेमतेम पंचवीस हजार वस्तीचं गाव. स्वीडनमध्ये ते बागांसाठी आणि हॉर्सरॅडिश नावाच्या झणझणीत मुळासाठी ओळखलं जातं. रग्बीवाल्यांना मात्र ते वेगळ्याच कारणासाठी माहीत आहे. या गावानं राष्ट्रीय अजिंक्यपद इतक्या वेळा नेलंय, की मोठ्या शहरांना त्याची लाज वाटावी. मला यात नवल वाटत नाही. एवढ्याशा गावात मुलगा एकदा रग्बीत रमला, की त्याला त्यातून ओढून नेणारं फारसं काही नसतं, आणि लहानपणापासून एकत्र खेळलेल्या पोरांना पास देताना मान वळवून बघावं लागत नाही.

स्टॉकहोमचा हम्मारबी याच्या अगदी उलट. १८९७ पासूनचं हे शहरातलं बडं घराणं. हिरवा-पांढरा रंग, फुटबॉलचे हजारो वेडे चाहते, आणि त्याच छत्राखाली रग्बीचाही विभाग. त्याच शहरातला स्टॉकहोम एक्झाइल्स हा ब्रिटन, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड अशा ठिकाणांहून नोकरीसाठी आलेल्यांना जागा देत वाढलेला क्लब. त्यांच्याकडे बारा महिने माणसं येतात आणि जातात. एप्रिलमधला संघ आणि ऑक्टोबरमधला संघ एकच असेल याची खात्री नसते, आणि म्हणूनच त्यांच्याविरुद्ध आखणी करणं त्रासाचं. व्हेनर्सबोर्ग हे व्हेनर्न या अवाढव्य तळ्याच्या काठचं गाव, तिथे बँडी या बर्फावरच्या खेळाचं वेड जास्त, तरी रग्बी टिकून आहे.

स्वीडनमध्ये हा खेळ तसा उपराच. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवरच्या खलाशांनी तो बंदरांमध्ये आणला आणि १९३२ मध्ये संघटना उभी राहिली. जागतिक मंडळाचं सदस्यत्व मिळायला १९८८ उजाडलं. पुरुषांचा संघ आजवर एकदाही विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत पोहोचलेला नाही. महिलांचा मात्र १९९१ च्या पहिल्याच विश्वचषकात खेळला आणि २०१० मध्येही होता. म्हणून महिलांच्या सेमीफायनलला ‘आधीचा सामना’ समजून उशिरा पोहोचू नका. देशासाठी खेळलेल्या मुली एकमेकींसमोर उभ्या ठाकलेल्या तिथेच दिसतात.

मैदानावर काय बघायचं, ते थोडक्यात. ऑक्टोबरचं स्टॉकहोम म्हणजे सात-आठ अंश तापमान, ओलं गवत, आणि महिन्याच्या मध्यापर्यंत सहाच्या आत सूर्यास्त. चेंडू साबणासारखा निसटतो. हातातून पुढे पडला की स्क्रम, म्हणजे पुन्हा तेच सहा जण. बाद फेरीत जादा गुणांचं आमिष नसतं, त्यामुळे शहाणा कप्तान पेनल्टी मिळाली की कोपऱ्याकडे न मारता थेट खांबांकडे बोट दाखवतो, म्हणजे चेंडू खांबांच्या मधून मारायचा. तीन गुण, मग पुन्हा तीन गुण. प्रेक्षकांना कंटाळा येतो, येऊ दे. पहिल्या अर्ध्या तासात पाहुणा कप्तान तीन गुण सोडून चेंडू कोपऱ्याकडे मारून लाइनआउट, म्हणजे बाजूच्या रेषेवरून आत फेकलेल्या चेंडूसाठीची झुंज, मागताना दिसला, तर ओळखा, आपली माणसं शेवटपर्यंत टिकणार नाहीत हे त्याला ठाऊक आहे आणि त्याला सामना लवकर संपवायचाय.

२०२५ च्या जूनमध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात झालेली रग्बी प्रीमियर लीग ज्यांनी पाहिली, त्यांना हा खेळ संथ वाटेल. ती सात-सात जणांची पळापळ होती. हा पंधरा जणांचा, ऐंशी मिनिटांचा खेळ आहे, आणि ऐंशी मिनिटं झाली तरी चेंडू मेल्याशिवाय, म्हणजे चालू खेळ थांबल्याशिवाय, शिट्टी वाजत नाही. तेव्हा स्टॉकहोम किंवा गोथेनबर्गला नोकरीनिमित्त राहणारे आपले कुणी श्रोते असतील, तर जाड जॅकेट घालून जा. कॉफी आणि सॉसेज विकणाऱ्या टपरीपाशी क्लबचीच कुणाची तरी आई उभी असेल. तिला विचारा, आज बाकावर प्रॉप किती? तिला माहीत असतं.

माझा कौल दोन्ही सामन्यांत यजमानांना. अपवाद एकच. पाहुणे एनशोपिंगचे असतील आणि सामना स्टॉकहोमला असेल, तर तासाभराचा रस्ता आहे, सगळे तेवीस येतील आणि वर गावही येईल. तिथे मी पैज लावणार नाही.

नमस्कार.