डिपार्टमेंट बदललं, पण जुनं काम पाठ सोडत नाही?

“एक मिनिट आहे का गं?”

नवीन डिपार्टमेंटमध्ये येऊन तीन आठवडे झालेत, आणि जुन्या टीममधून हा मेसेज येतो. काम खरंच मिनिटभराचं असतं. तुम्ही उत्तर देता, तिकडून हात जोडलेला इमोजी येतो, विषय संपला. दोन दिवसांनी परत तेच. पुढच्या आठवड्यात भलताच कुणीतरी विचारतो, “तुम्हालाच माहितीये म्हणे हे.”

नमस्कार. आज बोलूया बदलीनंतर मागे राहिलेल्या या शेपटाबद्दल.

आधी माझी कबुली. डिपार्टमेंट बदलल्यावर चार महिने जुन्या टीमचा महिनाअखेरचा रिपोर्ट मीच काढत होते. जबरदस्ती कुणी केली नव्हती. त्या एक्सेलमध्ये एक कॉलम हाताने दुरुस्त करावा लागायचा आणि ते फक्त मला जमायचं. शिकवायचं तर दोन तास, स्वतः करायचं तर वीस मिनिटं. म्हटलं, जाऊ दे, करून टाकू. पाचव्या महिन्यात माझ्या नव्या कामाची तारीख हुकली. नव्या मॅनेजरने शांतपणे विचारलं, “तू नक्की कुणाकडे काम करतेस?” काय बोलणार?

आणि खरं सांगू? मला ते आवडत होतं. नव्या जागी मी शिकाऊ होते, प्रिंटर कुठेय तेही विचारावं लागायचं. जुन्या टीमचा फोन आला की मी परत एक्स्पर्ट. तुमचंही असं होत असेल, तर दोष सगळा त्यांच्यावर ढकलू नका.

आता हे वीस मिनिटांचं काम वीस मिनिटांत का संपत नाही? सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली यावर एक शोधनिबंध लिहिला. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याला हात घातला, की मनाचा एक तुकडा पहिल्याच कामात अडकून राहतो, आणि दुसरं काम कच्चं होतं. पुढे २०१८ मध्ये थेरेसा ग्लोम्ब यांच्यासोबत केलेल्या अभ्यासात त्यांनी उपायही दाखवला: काम सोडताना आपण कुठवर आलोय आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं, एवढं मिनिटभरात लिहून ठेवायचं. जुनं काम मध्येच आलं, तर हातातल्या नव्या कामाची अशी दोन ओळींची चिठ्ठी आधी लिहा, मगच फोन उचला. मी अजूनही करते.

पण मूळ दुखणं वेगळंच आहे. चार्ज देताना आपण कामांची यादी आठवून लिहितो, आणि जी कामं सवयीने होतात ती आठवतच नाहीत. म्हणून यादी डोक्यातून काढू नका. पाठवलेले मेल आणि कॅलेंडर उघडा, आणि पूर्ण एक वर्ष मागे जा. तीन महिने पुरत नाहीत, कारण ऑडिटची तयारी, लायसन्सचं रिन्यूअल असली कामं वर्षातून एकदाच डोकं वर काढतात, आणि नेमकी तेव्हा तुमची आठवण येते.

त्याहून छुपं म्हणजे सिस्टिममध्ये तुमच्या नावाला चिकटलेलं काम. बिलाचं अप्रूव्हल अजून तुमच्याकडेच येतं. रोज पहाटेचा रिपोर्ट तुमच्या लॉगिनवर चालतो. दर सोमवारची मीटिंग तुमच्या नावाने लागते. एखाद्या पोर्टलचा ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतो, आणि तो सांगायला तुम्ही सुट्टीतही फोन उचलता! हे सगळं नव्या माणसाच्या नावावर करून घ्या. जुने अ‍ॅक्सेस काढायला आयटीला स्वतः मेल टाका. “असू दे, कधी लागलं तर” म्हणू नका. तिकडे उद्या काही घोळ झाला, तर लॉगमध्ये नाव तुमचं दिसेल. माहितीच्या सुरक्षेसाठीचं आयएसओ २७००१ हे मानक नोकरी सोडणाऱ्यांइतकंच जबाबदारी बदलणाऱ्यांबद्दलही बोलतं, ते उगाच नाही.

आता माणसांचं बघू. “मी हे करणार नाही” हे तुम्ही एकट्याने जुन्या टीमला सांगायला गेलात, की वाईटपणा तुमच्याकडे. हा व्यवहार दोन मॅनेजरमधला आहे. दोघांना एकाच मेलमध्ये घ्या. मजकूर साधा ठेवा: “जुन्या टीमची ही तीन कामं अजून माझ्याकडे आहेत. महिनाअखेरपर्यंत मी आठवड्यातून दोन तास देऊ शकते. त्यानंतर ती कुणाकडे द्यायची, कृपया कळवा.” तारीख हवीच. “थोडे दिवस” लिहिलंत, की घोंगडं भिजत पडलंच समजा.

आणि तरी मेसेज आला तर? खासगीत उत्तर देऊ नका. ज्या ग्रुपमध्ये नवा माणूस आहे तिथे द्या, म्हणजे पुढच्या वेळी तोच सांगेल. तोच प्रश्न दुसऱ्यांदा आला, तर उत्तराऐवजी फाइलची लिंक. तिसऱ्यांदा फक्त नव्या माणसाचं नाव. तो चाचपडेल, उशीर करेल, तेव्हा मध्ये पडायचा मोह आवरा. हां, पगाराची फाइल अडकलीये आणि रात्रीचे दहा वाजलेत, तर नियम सांगत बसू नका, मदत करा.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे तुमच्या जागी कुणी आलेलंच नाही. मग जुन्या मॅनेजरला लिहून द्या की अमुक तारखेपासून अमुक कामं थांबतील. त्यातलं काय चालू ठेवायचं, काय सोडायचं, ते त्यांनी ठरवायचं. तुम्ही गुपचूप करत राहिलात, तर ती जागा भरायची घाई कुणाला असेल?

माझ्या त्या रिपोर्टचं काय झालं, ते राहिलंच. शेवटी एका नव्या मुलाला शिकवायला बसले. दोन तास धरले होते. पंधराव्या मिनिटाला त्याने विचारलं, “मॅडम, पण हा कॉलम कोण बघतं?”

आम्ही दोघांनी तीन ठिकाणी विचारलं. कुणीच बघत नव्हतं.