ईमेल येईपर्यंत

(दृश्य : पहाट, रिमझिम पाऊस, फुटपाथवर तंबूंची रांग)

डब्लिन शहर, लोअर माउंट स्ट्रीट. एप्रिल २०२४. तंबू निळे, हिरवे, केशरी, दोन रात्रींच्या सहलीला नेतात तसले. खाली फरशी असल्यामुळे खुंटी ठोकता येत नाही. म्हणून दोऱ्या रेलिंगला बांधल्यात आणि तळाशी लाकडी फळ्या सरकवल्यात. पाऊस वरून पडतो तो सोसवतो, खालून झिरपतो तो झोपू देत नाही.

(दृश्य : इमारतीचं दार, बाहेरची रांग)

मागे दिसतंय ते आंतरराष्ट्रीय संरक्षण कार्यालय. आयर्लंडमध्ये पोहोचलेल्या माणसाला आश्रय मागायचा तर याच दारातून आत जावं लागतं. आत कॅमेरा नेता येत नाही, तेव्हा आतलं तोंडीच सांगतो. फोटो काढतात, बोटांचे ठसे घेतात, कुठून आलात, कोणत्या वाटेने आलात, परत का जाऊ शकत नाही ते विचारतात. मग हातात पडतो तात्पुरत्या रहिवासाचा दाखला. आश्रय मिळाला असा त्याचा अर्थ नाही, अर्ज दाखल झाला इतकाच. पण त्याच्याशिवाय पुढचं पान हलत नाही.

पूर्वी साधारणपणे दाखल्यापाठोपाठ पाठ टेकायला जागा मिळायची. २०२३ च्या सुरुवातीला काही काळ, आणि ४ डिसेंबर २०२३ पासून पुन्हा, एकट्या पुरुषांना ‘सध्या जागा नाही’ असं सांगायला सुरुवात झाली. बायका, मुलं, कुटुंबं यांची सोय आधी. आजारी असाल, छळ सोसला असेल, तर तेही पहिल्याच भेटीत सांगायचं, कारण अशांचा विचार वेगळा होतो. नेमकं तेच लाजेपोटी राहून जातं.

(त्या डिसेंबरात आयर्लंडचे पंतप्रधान होते लिओ वराडकर. हो, वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. मराठी माणूस हे विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकलं.)

(दृश्य : ओल्या हातातला फोन, फुटलेली काच)

आता हा फोन बघा. जागा झाली की कळवणार ईमेलवर. कधी, ते कोणी सांगत नाही. म्हणजे तंबूपेक्षा जपायचा तो फोन, आणि फोनपेक्षा त्याचं चार्जिंग. हा तरुण दर थोड्या वेळाने मेल उघडतो, मग स्पॅमही उघडतो. चेहरा आम्ही दाखवत नाही. बोटं पुरेशी आहेत.

(दृश्य : जेवणाची रांग, वाफाळता चहा)

रात्रीची मदत म्हणजे स्वयंसेवक. तंबू, स्लीपिंग बॅग, कोरडे मोजे हीच माणसं आणतात. मोज्यांना मागणी सगळ्यात जास्त. दिवसाची मदत म्हणजे बो स्ट्रीटवरचं कॅपुचिन डे सेंटर. १९६९ पासून इथे गरजूंना जेवण मिळतं, कागद न विचारता. २०२४ मध्ये सरकारकडून भत्ता मिळायचा तो जागा नसलेल्याला आठवड्याला ११३ युरो ८० सेंट. निवारा मिळालेल्याला ३८ युरो ८० सेंट. मधले ७५ युरो म्हणजे छपराची भरपाई. डब्लिनमध्ये त्यात आठवडाभराची खोली मिळवून दाखवावी कोणीतरी.

(दृश्य : बस, उचललेले तंबू)

१ मे २०२४, सकाळ. सुमारे दोनशे तंबू उचलले गेले. माणसांना बसने शहराबाहेर, सिटीवेस्ट आणि क्रुक्सलिंग इथल्या निवाऱ्याच्या जागांवर नेलं. थोड्याच दिवसांत नव्याने आलेल्यांचे तंबू ग्रँड कालव्याच्या काठी उभे राहिले. तेही उचलले गेले.

२०२३ मध्ये असेच उघड्यावर राहिलेले दोन अर्जदार नुकसानभरपाईसाठी कोर्टात गेले. एक अफगाण, एक भारतीय. हातात पडलं होतं प्रत्येकी २५ युरोचं व्हाउचर. १ ऑगस्ट २०२५ ला युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं : अर्जदार अचानक वाढले, जागा संपली, या सबबीवर मूलभूत गरजा नाकारता येत नाहीत.

(दृश्य : कालव्याकाठची लोखंडी जाळी)

ही जाळी तंबू हटवल्यानंतरची. आत कोणी नाही, बदकं आहेत.

(दृश्य : पुन्हा तेच दार, सकाळची रांग)

नव्याने आलेल्याने आधी यायचं ते इथेच. आणि खिडकीवर ईमेल पत्ता देताना एकेक अक्षर परत वाचून घ्यायचं.