हिरा हवाय? आधी हाड शोधा

हा कायगाव टोक्याचा पूल. संभाजीनगरहून नगरकडं जाताना लागतो ना, तोच. पुलापलीकडं प्रवरा येऊन गोदावरीला मिळते, मराठवाडा इथंच संपतो, आणि आपली हिऱ्याची स्टोरी इथून सुरू होते, म्हणजे इथं हिरा नाही बरं का, पण स्टोरी आहे.

1960 च्या दशकात प्रवरेच्या काठी, नेवाशाजवळ चिर्कीला गुद्रून कॉर्विनस नावाच्या जर्मन बाई खोदकाम करत होत्या. गोट्यांच्या थरातून आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी निघत होत्या. पुढं ह्याच बाई नामिबियात, थेट हिऱ्याच्या खाणीत! तिथं ऑरेंज नदीच्या काठी, अ‍ॅरिसड्रिफ्टला, 1976 मध्ये त्यांना प्राण्यांची जीवाश्म हाडं सापडली.

आता खाणवाल्यांना हाडाचं काय कौतुक?

बघा, हिरा वर येतो किंबरलाइट नावाच्या खडकातून, तो खडक झिजला की नदी हिरा वाहून नेते. गारगोटीपेक्षा तो जड, त्यामुळं पाण्याचा जोर कमी झाला की तळाच्या खडकातल्या खळग्यात जाऊन बसतो. निघोजचे रांजणखळगे पाहिलेत? तसल्या खळग्यात. मग लाखो वर्षांत नदी खाली खाली कापत जाते आणि जुना गोट्यांचा थर वर काठावर पायरीसारखा राहतो, अशा दोन-तीन पायऱ्या असतात आणि सगळ्यांत हिरे सारखे नसतात. गोट्यावर काय तारीख छापलेली नसते. हाडावर असते! कुठला प्राणी कुठल्या काळातला हे माहीत असतं, त्यावरून अ‍ॅरिसड्रिफ्टचा थर सुमारे 1 कोटी 70 लाख वर्षांपूर्वीचा निघाला. ऑरेंजवर ह्या जुन्या थरांत माल जास्त, नंतरच्यांत कमी. म्हणजे वय कळलं की मशीन कुठं लावायचं ते कळलं.

आपल्याकडं हाडं आहेत की. लातूरकडं मांजरेच्या काठी पाणघोड्याची जीवाश्मं निघालीत, पाणघोडा, लातुरात! हिरा मात्र नाही, कारण आपल्या नद्या 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यावरून येतात, त्या काळ्या दगडात हिरा नसतो. गोट्यांत अकीक मिळेल, गारगोटी मिळेल.

इथले गोटे बघायचे तर मे महिन्यात या. आत्ता सगळं जायकवाडीच्या पाण्याखाली आहे.