हवेचं खरं शून्य

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार. पुढे सतरंजीवर लेकरं बसली आहेत, मागे खुर्च्यांवर ज्येष्ठ मंडळी आहेत आणि दाराशी हरभऱ्याची सोंगणी उरकून थेट शेतातून आलेले चार-पाच जण उभे आहेत. त्यांना आधी जागा द्या. दिवसभर वाकून काम केलेल्या माणसाला उभं ठेवून मला बोलवणार नाही.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'वायूंचा दाब, आकारमान आणि तापमान यांचा संबंध'. शेवटची एसटी साडेआठला आहे, म्हणजे माझ्या हातात पाऊण तास. नववी-दहावीच्या पोरांनी हे नियम पाठ केलेले असतील. मोठ्यांनी कधीकाळी पाठ करून विसरूनही टाकले असतील. चौतीस वर्षं मी हेच शिकवलं, आणि इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. हे नियम सोपे आहेत. आपण मोजायला सुरुवात चुकीच्या जागेपासून करतो, म्हणून ते अवघड वाटतात. आजचं सगळं बोलणं त्या एका मुद्द्यासाठी आहे.

एक प्रश्न विचारतो. आज पहाटे समजा 20 अंश होते. मे महिन्यात दुपारी 40 होतील, आपल्याकडे तर 45 सुद्धा होतात. 40 अंशाची हवा 20 अंशाच्या हवेपेक्षा दुप्पट गरम आहे असं किती जणांना वाटतं? हात वर करा. बरेच आहेत. बरं, मग हिमालयात जिथे शून्य अंश आहे तिथल्या हवेत गरमी अजिबातच नाही का? आणि उणे पाच असेल तिथे? आता हात खाली येऊन राहिले. येऊ द्या.

आपल्या घरच्या कणग्या आठवा. दोन कणग्या आहेत आणि तुम्ही फक्त कमरेच्या वर किती धान्य आहे तेवढंच मोजलं. एकीत कमरेच्या वर एक वीत, दुसरीत दोन विती. दुसरीत दुप्पट ज्वारी आहे असं घरातली बाई म्हणेल का? ती विचारेल, कमरेखालचं कोणी मोजायचं? सेल्सिअसचं शून्य म्हणजे ती कंबर आहे. बर्फ वितळतो ती जागा सोयीची, म्हणून माणसानं तिथे रेघ मारली. खाली 273 अंशांचं धान्य भरलेलं आहे. ते धरून मोजलं तर 20 चे होतात 293 आणि 40 चे 313. दुप्पट कुठलं, शेकडा सातनं जास्त.

दाबाचंही तसंच आहे, आणि तिथली चूक मी स्वतः जमिनीवर आपटून शिकलो. ते सांगतो. जरा लांबेल, पण सांगायचंच आहे.

काही वर्षांपूर्वीचा मे महिना. मी आणि माझा धाकटा भाऊ मोटारसायकलवर दारव्ह्याहून यवतमाळला निघालो होतो. गाडी भाऊ चालवत होता, मी मागे, आणि आमच्या मधे बियाण्याची पिशवी. निघताना हवा भरायला थांबलो. गाडीच्या पुस्तकात मागच्या चाकाला 30 लिहिलेलं. दुकानदार ओळखीचा, हाताचा चांगला. त्यानं गेज लावलं आणि म्हणाला, "सर, उनात हवा फुलते ना बापा, मंग टायर फुटते. बावीसच ठेवतो." भावानं मान हलवली. मीही गप्प बसलो. वर्गात वायूचे नियम शिकवणारा माणूस मी, पण दुकानात उभा असताना मला वाटलं, बरोबरच तर आहे, तापमान वाढलं की दाब वाढतो!

पंधरा-वीस किलोमीटर गेलो असू. दोघांचं वजन, डांबर असं तापलेलं की लांबून पाणी साचल्यासारखं दिसायचं. मागचं चाक आधी डुलायला लागलं, मग बार उडावा तसा आवाज झाला. गाडी आडवी झाली. भावाच्या खांद्याचं हाड मोडलं, माझं कोपर सोलून निघालं आणि बियाणं रस्ताभर सांडलं. मागून जड गाडी येत नव्हती म्हणून वाचलो.

आठवड्यानं मी तो टायर मागून आणला आणि अंगणात बसून आतून पाहिला. तुम्हीही कधी पाहा. रस्त्याला टेकणारा भाग धड होता. बाजूला, जिथे टायर दबतो, तिथे आतून सगळीकडे गोल काळा पट्टा उमटलेला, रबराला सुरकुत्या पडलेल्या, आणि बोट फिरवलं तर काजळीसारखी भुकटी हाताला लागत होती. ती रबराची भुकटी. एखादी तार मोडायची असली की आपण ती इकडून तिकडे वाकवत राहतो, आणि वाकते तिथे ती गरम होते. टायरची बाजू तशीच प्रत्येक फेऱ्याला वाकत होती, कारण आत तिला धरून ठेवायला पुरेशी हवाच नव्हती. ऊन होतंच, त्यात टायर स्वतःची गरमी स्वतः तयार करत होता. हवा जास्त झाली म्हणून तो फुटलेला नव्हता. हवा कमी होती म्हणून फुटला.

मग मी कागद घेतला. सकाळी 20 अंशाला 30 भरली आणि दुपारी टायर 65 अंशांपर्यंत तापला, तर दाब किती होईल? सगळ्यांच्या मनात जो हिशेब असतो तो केला तर 65 भागिले 20, म्हणजे सव्वातीन पट, म्हणजे गेजवर साडेसत्त्याण्णव! हा आकडा डोक्यात असेल तर कोणीही माणूस घाबरून हवा सोडेल. दुकानदार काही वेडा नव्हता. त्याचं शून्य चुकलेलं होतं.

आता खालपासून मोजू. तापमान 293 वरून 338. दाबाचं काय? गेज 30 दाखवतं ते बाहेरच्या हवेच्या वर 30. टायर पंक्चर होऊन चपटा झाला आणि गेजनं शून्य दाखवलं, तरी आत हवा असतेच, बाहेरच्या इतक्याच दाबाची. समुद्रकाठी तो दाब 14.7 पौंड असतो, दर चौरस इंचावर. यवतमाळ साधारण साडेचारशे मीटर उंचावर आहे, म्हणून मी 14 धरतो. ते 14 म्हणजे गेजचं कमरेखालचं धान्य. तर खरा दाब 44. त्याला 338 नं गुणा, 293 नं भागा, पावणेएक्कावन्न येतात. त्यातून 14 वजा केले की गेजवर पावणेसदतीस. तिसाचे पावणेसदतीस. टायर करणाऱ्यानं ही वाढ धरूनच पुस्तकात 30 लिहिलेलं असतं, आणि तेही थंड चाकासाठी. म्हणून हवा सकाळी, गाडी फिरण्याआधी तपासायची आणि पुस्तकात आहे तेवढीच ठेवायची. लांबून आल्यावर गेज जास्त दाखवतंय म्हणून सोडायची नाही. दाराशी उभे होते त्या मंडळींना माझं हात जोडून सांगणं आहे, ट्रॉलीच्या चाकांनाही हेच लागू आहे. मे महिन्यात तुमची लेकरं त्या ट्रॉलीत बसलेली असतात.

आता ही पिचकारी पाहा. इंजेक्शनची आहे, सुई नाही, 20 मिलिलिटरची. दट्ट्या वीसवर आहे. तोंडावर बोट घट्ट दाबा आणि दट्ट्या दहावर आणा. पुढे द्या, सगळ्यांनी करून पाहा. तीनेक किलोचा जोर लागतो. जागा निम्मी झाली, दाब दुप्पट. हा बॉईलचा नियम, 1662 सालचा. रॉबर्ट बॉईल आणि त्याचा मदतनीस रॉबर्ट हूक यांनी वाकवलेली काचेची नळी घेतली. तिचं आखूड टोक बंद. त्यात हवा कोंडली आणि लांब टोकातून पारा ओतत गेले. कोंडलेली हवा निम्म्या जागेत आली तेव्हा जास्तीचा पारा 29 इंचांच्या थोडा वर उभा होता. इथे त्या माणसाची बुद्धी बघा. त्यानं आपल्या तक्त्यात प्रत्येक आकड्याला आणखी 29 इंच जोडले, कारण बाहेरची हवाही वरून तेवढी दाबतेच आहे. 29 चे 58, दुप्पट! ती बेरीज केली नसती तर त्याला नियम दिसलाच नसता, कारण सुरुवातीला जास्तीचा पारा शून्य, आणि शून्याची दुप्पट शून्यच. साडेतीनशे वर्षांपूर्वी त्यानं कमरेखालचं धान्य मोजलं होतं. आपण आजही पोरांना नियम पाठ करायला लावतो आणि ही बेरीज सांगत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

तापमान आणि आकारमान यांचं नातं मी आमच्या गोबरगॅसवर पाहिलं. लोखंडी तरंगती टाकी होती, शेणाच्या काल्यात उपडी घातलेली. असल्या टाकीत दाब ठरलेला असतो, कारण टाकीचं वजन ठरलेलं असतं. आत गॅस वाढला तर टाकी वर उचलते, दाब तोच राहतो. एका दुष्काळी वर्षी वडिलांनी बैलजोडी विकली, पाठोपाठ गायही गेली, आणि प्लँटमध्ये शेण घालणं बंद झालं. तीन-चार महिन्यांनी उरलेला गॅस पेटेनासा झाला, तेव्हा आईनं व्हॉल्व्ह बंद केला तो कायमचा. नवा गॅस होत नव्हता, जुना वापरात नव्हता. तरी टाकी रोज दुपारी वर यायची आणि पहाटे खाली बसायची. मी तिच्यावर खडूनं रेघा मारल्या होत्या. मे महिन्यात पहाटेच्या रेघेत आणि दुपारच्या रेघेत तीन बोटांचं अंतर पडायचं. रिकाम्या गोठ्याशेजारी ती टाकी एखादं जनावर झोपेत श्वास घेतं तशी वाटायची. आई तिकडे पाहायची नाही.

त्या तीन बोटांचा हिशेब मला पुढे कॉलेजात कळला. आत दोन फूट गॅस होता, पहाटे 28 अंश. टाकी उन्हात तापून आतला गॅस 55 पर्यंत गेला असेल तर 301 चे 328 झाले, म्हणजे शेकडा नऊ. दोन फुटांच्या शेकडा नऊ म्हणजे पाच-साडेपाच सेंटिमीटर, तीन बोटंच.

हा चार्ल्सचा नियम. जॅक चार्ल्स या फ्रेंच शास्त्रज्ञानं 27 ऑगस्ट 1783 रोजी पॅरिसमध्ये हायड्रोजनचा फुगा उडवला होता. तो गोनेस नावाच्या खेड्यात उतरला आणि तिथल्या शेतकऱ्यांनी घाबरून काटेरी दाताळ्यांनी त्याच्यावर हल्ला केला. आभाळातून फुसफुसत काही तुमच्या वावरात उतरलं तर तुम्हीही इळा घेऊनच धावाल. पुढे 1787 च्या सुमारास त्यानं वायूंवर प्रयोग केले, पण छापले नाहीत. 1802 साली गे-ल्युसॅकनं स्वतःचे प्रयोग छापले आणि चार्ल्सचं नाव मोठ्या मनानं सांगितलं.

अध्यक्षांनी चिठ्ठी दिली, दहा मिनिटं उरलीत. कबूल केलेला विषय तर आता येतोय, म्हणून भराभर सांगतो.

एक, 273 कुठून आले. दाब तोच ठेवून कुठलाही वायू शून्य अंशावरून एक अंश थंड केला तर त्याचं आकारमान 273 व्या हिश्शानं कमी होतं. हवा असो, हायड्रोजन असो, हिस्सा जवळपास तोच. मग असे 273 अंश खाली गेलो तर आकारमान शून्यावर येईल. प्रत्यक्षात त्याआधीच वायूचा द्रव होतो, पण सरळ रेघ तिकडेच बोट दाखवते. 1848 मध्ये केल्विननं तापमान अगदी तळापासून मोजायची कल्पना मांडली. तो तळ म्हणजे आजच्या मापानं उणे 273.15 सेल्सिअस.

दोन, तिन्ही नाती एकत्र. दाब गुणिले आकारमान, भागिले तळापासूनचं तापमान, हा आकडा बदलत नाही, मात्र वायू तेवढाच हवा, कुठे गळती नको. टायरात आकारमान जवळपास ठरलेलं, म्हणून दाब वाढला. टाकीत दाब ठरलेला, म्हणून ती उचलली. पिचकारीत तापमान ठरलेलं, म्हणून जागा निम्मी तर दाब दुप्पट. 1834 मध्ये क्लापेरॉननं हे एका समीकरणात बसवलं. तीन नियम वेगळे पाठ करायची गरज नाही, काय धरून ठेवलंय तेवढं विचारा.

तीन, हे का होतं. वायू म्हणजे सुसाट धावणारे कण, आणि दाब म्हणजे त्यांचा भिंतीवरचा मारा. जागा निम्मी केली की भिंतीवर आपटण्याच्या वेळा दुप्पट. तापवलं की कण जोरात धावतात, मारा वाढतो. डॅनियल बर्नुलीनं हे 1738 मध्येच लिहून ठेवलं होतं. तापमान हे त्या धावण्याचंच माप आहे, म्हणून ते कमरेपासून मोजून चालत नाही.

मागून एका ताईंनी विचारलं, घरचं सिलिंडर संपत आलं की आतला दाब कमी होतो का? छान प्रश्न. शेवटच्या घोटापर्यंत नाही, कारण आत द्रव आहे. गॅस जळाला की द्रवातून नवा तयार होतो, म्हणजे वायू 'तेवढाच' राहत नाही आणि आपलं समीकरण तिथे थेट लागत नाही. तिथे दाब किती, हे तापमान ठरवतं. म्हणून थंडीच्या पहाटे ज्योत मंद होते.

एसटी आली वाटतं, हॉर्न ऐकू येतोय. पिचकारी वाचनालयात ठेवून जातो. लेकरांनो, घाईत एक प्रयोग राहिला, तो उद्या करा. दट्ट्या पाचवर ठेवा, तोंड बोटानं बंद करा आणि या वेळी दट्ट्या बाहेर ओढून सोडून द्या. तो आपणहून आत जाईल. त्याला मागून कोण ढकलतं, ते एकमेकांना विचारा.