नीतीनं वागायचं म्हणजे मजेवर पाणी सोडायचं?

मित्रहो, आजच्या विषयात एक तक्रार दडलेली आहे. नीतीनं वागायचं ठरवलं की आयुष्यातली मजा जाते, ही ती तक्रार. मी ती हसण्यावारी नेणार नाही. पण आरोप ठेवण्याआधी आरोपी कोण ते नक्की करू, कारण नीतीच्या नावाखाली आपण बरंच काही खपवत असतो.

एलियट ट्युरिएल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांना अगदी साधे प्रश्न विचारले. १९८३ साली त्यांचं या विषयावरचं पुस्तक आलं. प्रश्न साधारण असे असायचे. वर्गात मध्येच बोलायचं नाही असा नियम आहे. उद्या बाई म्हणाल्या की बोला, तर चालेल का? मुलं म्हणायची, मग काय हरकत आहे. आणि बाई म्हणाल्या की शेजारच्याला मारलं तरी चालेल, तर? मुलं म्हणायची, तरी नाही मारायचं. का? तर त्याला लागेल. चार-पाच वर्षांच्या पोरांनाही हा फरक कळतो. आपण मोठे होतो आणि तो विसरतो.

विसरतो म्हणजे काय, तेही पाहा. १९९३ साली जोनाथन हाइट हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत आणि ब्राझीलमध्ये लोकांना काही छोट्या गोष्टी सांगितल्या. त्यातली एक अशी: घर आवरताना एका बाईला आपल्या देशाचा जुना झेंडा सापडतो. तिला तो नको असतो. ती त्याचे तुकडे करते आणि त्यांनी न्हाणीघर पुसते. तिनं केलं ते चूक का? नामांकित विद्यापीठांतले विद्यार्थी म्हणाले, तो तिचा प्रश्न आहे. बाकीच्यांपैकी बहुतेकांनी, विशेषतः ब्राझीलमध्ये, ते अनैतिक ठरवलं. या लोकांचा निकाल काय असेल हे कुणाचं किती नुकसान झालं यावरून ओळखता येत नव्हतं. ते पाहताना त्यांना किती खटकेल, यावरून जास्त चांगलं ओळखता येत होतं.

खटकणं मी तुच्छ मानत नाही. मलाही पुष्कळ गोष्टी खटकतात, वयानुसार त्यांची यादी वाढतेच आहे. पण मला खटकतं एवढ्यावर दुसऱ्याच्या आयुष्यावर हुकूम चालवायचा अधिकार मला मिळतो का? माझ्या मते नाही. आणि तुमच्या मजेवर गदा आणणारे नियम आठवून पाहा, ते बहुतेक याच घरचे निघतील. कुणी काय घालावं, किती मोठ्यानं हसावं, कुणावर प्रेम करावं, साठीनंतर नाचावं की नाही. हे नियम करणारे सहसा एकीकडचे असतात आणि पाळणारे दुसरीकडचे. तेव्हा तक्रारीचा एवढा भाग मला पूर्ण मान्य आहे.

उरतं ते दुसरं: फसवू नका, दुखवू नका, दुसऱ्याचं लाटू नका. यानं मजा जाते का? इथे सल्ला घ्यायचा तर सुखवाद्याचाच घेऊ. इसवी सनापूर्वी ३४१ ते २७० या काळात होऊन गेलेला ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस सुख हेच साध्य असं उघड सांगायचा. त्याच्या नावानं चैनबाजी खपते, पण तो स्वतः मित्राकडे चीजचं एक छोटं भांडं मागतो, का तर मनात येईल तेव्हा मेजवानी करता यावी! हाच माणूस म्हणतो, ज्यानं गुपचूप अन्याय केला तो हजारदा निसटला तरी मरेपर्यंत निसटेलच याची त्याला खात्री वाटत नाही.

हे आजही दिसतं. घरी थाप मारून बाहेर पडलेला माणूस मैफलीत बसलेला बघा. फोन पालथा ठेवलेला. तो थरथरला की हात आधी त्यावर जातो, नजर मग आजूबाजूला. कुणाला काय सांगितलं होतं, ऑफिसचं काम की मित्राचं आजारपण, याची मनात जुळवाजुळव. समोर गाणं रंगलंय, पण ऐकतोय कोण?

अर्थात हा युक्तिवाद सगळ्यांना लागू पडत नाही. निर्ढावलेला माणूस गाढ झोपतो, आपण सगळ्यांनी असे पाहिलेत. 'त्याचं सुख काही खरं नाही' असं म्हणणं ही आपणच आपली घातलेली समजूत. महाभारताच्या शेवटी व्यास हात उंचावून ओरडतात, की धर्मातूनच अर्थ आणि काम मिळतात, मग धर्म का आचरत नाही? त्याच श्लोकात ते कबूलही करतात की माझं कुणी ऐकत नाही. एवढं युद्ध होऊन गेल्यावरसुद्धा!

अ‍ॅरिस्टॉटल म्हणायचा, चांगलं काम करताना ज्याला आनंद होत नाही तो चांगला माणूसच नव्हे. जर्मन तत्त्वज्ञ कांटनं १७८५ मध्ये उलट सांगितलं: मन कोरडं पडलेलं असतानाही जो केवळ कर्तव्य म्हणून मदत करतो, त्याच्या कृतीचं नैतिक मोल खरं. मी कांटच्या बाजूचा. (आणि कांट रुक्ष होता असं समजू नका. जेवायला मंडळी हवीतच, पण तिनाहून कमी नकोत आणि नवाहून जास्त नकोत, इतका त्याचा त्यात रस.) कधीकधी चांगलं वागण्यात काडीचाही आनंद नसतो, आणि ते तसंच सांगितलेलं बरं.

२४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा ही आठमजली इमारत कोसळली. ११३४ माणसं गेली, बहुतेक कपडे शिवणारे कामगार. आदल्या दिवशी इमारतीला भेगा दिसल्या होत्या. खालची बँक आणि दुकानं बंद झाली, शिवणाऱ्यांना मात्र सकाळी कामावर बोलावलं गेलं. ते कपडे परदेशी दुकानांत स्वस्तात विकले जायचे, आणि स्वस्त नवा कपडा अंगावर चढवण्यात मजा असतेच. नीती मजेच्या आड खरोखर येते ती इथे. पण एखाद्या मुलीचा ड्रेस किती आखूड यावर आपण तासभर नीतीची चर्चा करू, तो कुणी, कुठल्या छताखाली शिवला यावर पाच मिनिटंही नाही.

एकट्यानं शर्ट परत ठेवला म्हणून भिंतीची भेग बुजत नाही, हेही खरं. त्याच वर्षी कामगार संघटना आणि कपड्यांच्या कंपन्यांमध्ये इमारतींच्या सुरक्षेबद्दल कायद्यानं बांधील असा करार झाला. तो कंपन्यांच्या मनाच्या मोठेपणातून आला नाही, दबावातून आला. असा दबाव टिकवायचा तर वेळ जातो, थोडे जास्त पैसे जातात, हौसेला मुरड पडते. त्या बदल्यात तुम्हाला अंतरीचं समाधान मिळेल, असं आश्वासन मी देत नाही. मिळेल, न मिळेल.

'एवढा विचार करत बसलं तर जगायचं कधी?' अशी एक चिठ्ठी मघाशीच माझ्याकडे आली आहे. प्रश्नोत्तरांची सुरुवात तिच्यापासूनच करू.